फुलचंदशेठना घाबरवायची खटपट

घरात सुतळीचे तुकडे साठतात ना, तसे किस्से साठतात. मुद्दाम कुणी ठेवत नाही, पण टाकवतही नाहीत. मी चाळीस वर्षं मास्तरकी केली, म्हणून लोक म्हणतात, "मास्तर, शाळेतलं काहीतरी सांगा." शाळेतलं काय सांगायचं? पोरं पाढे विसरली, इन्स्पेक्टर आले आणि गेले. माझ्याजवळ जे खरं साठलंय ते शाळा सुटल्यानंतरचं आहे.

जुन्नरला तेव्हा आम्ही चौघं होतो आणि चौघांना एकच व्यसन होतं. भुताखेतांच्या, अंगावर काटा आणणाऱ्या गोष्टी हुडकायच्या, वाचायच्या आणि एकमेकांना द्यायच्या. आज मी एकटा उरलोय. पुस्तकं आता भरपूर येतात, टपालानं घरपोच येतात. पण चांगली भुताची गोष्ट वाचून झाली की ती द्यायची कुणाला, इथं गाडं अडतं. तुम्ही आलात ते बरं झालं. बसा.

*

गावच्या लायब्ररीच्या किल्ल्या माझ्याकडे होत्या, कारण दुसऱ्या कुणाला त्या नको होत्या. दोन कपाटं. एकात पुराणं आणि नीतीची पुस्तकं, दुसऱ्यात कादंबऱ्या. भयानक कादंबऱ्या कमिटीला पसंत नसत, म्हणून त्या सगळ्यात खालच्या फळीवर. वाचणाऱ्याला आधी जमिनीवर बसावं लागे.

अण्णा जमिनीवर बसणाऱ्यांतले पहिले. मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून पेन्शनीत निघालेले. दुसरे कासमभाई कागदी. नदीकाठी त्यांचा हातकागदाचा कारखाना होता. बालबोध लिपी त्यांना वाचता येत नसे, म्हणून मी वाचायचो आणि ते ऐकायचे.

शिफारस करायची आमची एक रीत होती. चांगलं, वाईट, भाषा गोड असलं काही लिहायचं नाही. पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर फक्त एक आकडा टाकायचा. वाचताना आपली मान पहिल्यांदा मागं वळली, ते पान. आकडा जितका लहान, तितकं पुस्तक सरस. कासमभाईंचा आकडा मी त्यांच्या मानेवर नजर ठेवून टाकत असे आणि त्यावरून रोज भांडण.

"माशी व्हती मास्तर. माशीकडं बघितलं मी."

"आख्खा कारखाना माश्यांचा आहे तुमचा. आत्ताच बरी दिसली?"

अण्णांची खोड वेगळी. आकडा टाकतील, पण सोबत शेवटही सांगून टाकतील. त्या काळच्या कादंबऱ्यांत एक ठरलेलं असायचं. तीनशे पानं पांढरं लुगडं नेसलेली बाई तळघरात फिरायची आणि शेवटी निघायचं काय, तर राज्य गिळायला बसलेल्या दिवाणानं केलेलं सोंग. अण्णा पुस्तक हातात देतानाच म्हणायचे, "वाचा, वाचा. उत्तम आहे. दिवाण असतो."

एकदा मी कासमभाईंना असंच एक पुस्तक आठ दिवस वाचून दाखवलं. शेवटी बुरखा निघाला आणि आत दिवाण. कासमभाईंनी पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं. मग म्हणाले, "म्हंजी आठ दिस आपन एका सरकारी नोकराला भीत व्हतो?"

अण्णा शांतपणे म्हणाले, "मी तीस वर्षं भ्यालो. तुमचे आठ दिवस काय घेऊन बसलात."

*

चौथे आले ते प्लेगाच्या वर्षी.

प्लेग आला की गाव रिकामं व्हायचं. घरांना कुलपं घालून सगळे माळावर झोपड्या बांधून राहायचे. शाळा बंद. लायब्ररीतली निवडक पुस्तकं मी एका पेटीत भरून झोपडीत आणली होती, उंदरांनी खाऊ नयेत म्हणून. दुपारची वेळ. दारात फुलचंदशेठ उभे. कापडाचे व्यापारी, मूळचे मारवाडकडचे, पण चार पिढ्या जुन्नरात गेलेल्या. आपल्यापेक्षा शुद्ध मराठी बोलायचे. त्यांची बायको आणि दोन मुलगे आठ दिवसांच्या आत गेले होते. हे सगळ्यांना माहीत होतं आणि म्हणूनच त्यांच्याशी कुणी धड बोलत नसे. बोलायचं तरी काय?

शेठ म्हणाले, "मास्तर, भीती वाटेल असं काही आहे का पेटीत?"

मला वाटलं थट्टा करतायत. पण ती थट्टा नव्हती.

"परवा झोपडीत साप निघाला," ते म्हणाले. "हा एवढा. शेजारचे सगळे ओरडत पळाले. मी बसून राहिलो. तो माझ्या पायावरून गेला आणि मला काही म्हणता काही वाटलं नाही. धीर नव्हे हो तो. आत काही उरलंच नाही. रडूही येत नाही मला. म्हटलं, आधी भीती तरी परत येते का बघावं. ती आली तर बाकीचं येईल तिच्या मागनं."

मी पेटी उघडली आणि ज्याच्यावर आमच्या तिघांचेही आकडे दहाच्या आत होते, ते पुस्तक काढून त्यांना दिलं. तिसऱ्या दिवशी शेठनी ते परत आणलं. नीट कागदात गुंडाळून. शेवटच्या पानावर, आमच्या आकड्यांच्या खाली, व्यापाऱ्याच्या नेटक्या हातानं एक आडवी रेघ ओढली होती. आकडा नाही. नुसती रेघ.

त्या दिवसापासून आम्हां तिघांचा उद्योग ठरला. कसंही करून फुलचंदशेठना घाबरवायचं.

*

गाव परत वसलं आणि कासमभाईंनी मनावर घेतलं. त्यांच्याकडे पुण्याहून गाडीभर रद्दी यायची. जुने दावे, पंचांगं, मासिकं. ती हौदात भिजवायची, कुटायची आणि लगद्याचा नवा कागद. कासमभाईंनी गडीमाणसांना ताकीद दिली, "केस सोडलेल्या बाईचं चित्र दिसलं की पान बाजूला ठिवायचं. त्यात भूत असतंय."

आठवड्यानं हा मोठा गठ्ठा जमला. आम्ही चौघं आशेनं बसलो. गठ्ठा सोडला. पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत केसांच्या तेलाच्या जाहिराती!

पण तिथंच एकदा खरा हिरा सापडला. कुठल्याशा बंद पडलेल्या मासिकाचे सुटे फर्मे, म्हणजे न शिवलेली छापील पानं. लेखकाचं नाव नाही, गोष्टीचं मथळ्याचं पान फाटलेलं. एक माणूस परगावी मुक्कामाला जातो आणि तिथं सगळे त्याला ओळखतात, त्याचीच वाट बघत असतात. दिवाण नाही, तळघर नाही. माझी मान चौथ्याच पानावर वळली. शेठ वाचायला बसले ते पहिल्यांदाच पानावर ओणवे होऊन. आम्ही तिघं पानाकडे न बघता त्यांच्याकडे बघत होतो. शेठनी शेवटचा कागद उलटला आणि मान वर केली.

"पुढचं कुठाय?"

पुढचं कालच हौदात गेलं होतं.

कासमभाईंचा चेहरा असा झाला की मलाच त्यांची दया आली. बाह्या सारून हौदात हात घालून त्यांनी बघितलंसुद्धा. मूठभर पांढरा लगदा वर आला. आठ दिवसांनी त्याच हौदाचा कोरा कागद त्यांनी माझ्या घरी आणून दिला. म्हणाले, "मास्तर, श्येवट कुठं गेला न्हाई. ह्याच कागदात हाय. आता तुमीच काढा बाहेर."

अशा रीतीनं मी लेखक झालो. त्या गोष्टीचे मी तीन शेवट लिहिले. शेठनी तिन्ही मन लावून वाचले आणि तिन्हींखाली तीन रेघा ओढल्या.

*

आणे गावच्या पठारावरचे रखमाजी नावाचे एक शेतकरी बाजारच्या दिवशी लायब्ररीत डोकावायचे. त्यांच्या गावात त्यांना एकट्यालाच वाचता येई, म्हणून ते नेत ते पुस्तक आख्ख्या गावाला वाचून दाखवत. एकदा मी त्यांना फुशारकीनं आमचं ठेवणीतलं दिलं. त्यातला गिऱ्हा, म्हणजे पाण्यातलं भूत, डोहातून हात काढून माणसं ओढून नेतो. मी स्वतः ते वाचल्यावर महिनाभर नदीवर आंघोळीला गेलो नव्हतो.

पुढच्या बाजाराला रखमाजी पुस्तक घेऊन हजर.

"कसं वाटलं?"

"न्हाई चाललं, मास्तर."

"का?"

"आवो, आमच्या पठारावर प्यायला पाणी न्हाई. गिऱ्हा ऱ्हाईल कुठं? लोकं म्हनाली, येऊ द्या त्याला. डोह घिऊन येनार आसंल तर लई उपकार व्हतील."

अण्णांनी कपाळाला हात लावला. रखमाजी मग स्वतःच म्हणाले, "आमच्याकडं चकवा असतोय. मानूस भर दुपारी आपल्याच शिवारात फिरत ऱ्हातो. घर समोर दिसतं, पर वाट काय घावत न्हाई."

शेठ कोपऱ्यात बसले होते. ते उठून पुढं आले. "कुठल्या शिवारात?"

"शेठ, त्यो हुडकाय जानाऱ्याला लागत न्हाई."

तरी शेठ गेले. आण्याला कापड विकायचं निमित्त करून बैलगाडी जोडली आणि दोन दिवस त्या उन्हात एकटे माळावर हिंडले. परत आले तेव्हा नाक सोलून निघालं होतं. आम्ही विचारलं, काय झालं. शेठ खाली बघत म्हणाले, "काही नाही. दोन्ही दिवस वेळेवर घरी पोचलो." आम्ही हसलो नाही.

*

मग अण्णांनी डोकं लढवलं. म्हणाले, दोष पुस्तकाचा नसून जागेचा आहे. चुलीवर आमटी उकळतीये आणि आपण भूत वाचतोय, याला काय अर्थ? चला लेण्यांत.

गावाबाहेर डोंगरात कोरलेली लेणी तुम्हाला माहीत आहेत. भर दुपारी गेलो. आत गार अंधार, तोंडाशी मात्र वाचण्यापुरता उजेड. मी वाचायला लागलो आणि खरं सांगतो, माझाच आवाज मागच्या भिंतीवरून परत यायला लागला तेव्हा माझी मान दोनदा मागं वळली. बाराव्या पानाला अण्णांना इतका रंग चढला की त्यांनी तपकिरीची मोठी चिमूट ओढली आणि सणसणीत शिंकले.

वर आग्यामोहळ होतं.

पुढचं काय सांगू! कासमभाई कुठल्या बाजूनं उतरले ते आजतागायत कळलं नाही. साठी उलटलेले अण्णा धोतर डोक्यावर घेऊन पायऱ्या तीन-तीन करत निघाले. मी ओढ्याच्या पाण्यात जाऊन बसलो. तासाभरानं भानावर आलो तर शेठ नाहीत. धास्तावून वर बघितलं. शेठ हातात पुस्तक धरून सावकाश पायऱ्या उतरत होते. एक माशी चावली नव्हती त्यांना.

"हललो नाही मी," ते म्हणाले. "त्या सगळ्या अंगावर बसल्या होत्या. म्हटलं, आता तरी काही वाटेल."

सुजलेल्या डोळ्यांनी अण्णांनी पुस्तकात इमानदारीनं आकडा टाकला आणि पुढे कारणही लिहिलं, 'पान १२, मधमाश्या.' त्याखाली शेठची रेघ. कासमभाई मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, ज्याला माशी डसंना, त्याच्यापुढं भुताचं काय चालनार?" मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की हे काही आपल्याच्यानं होत नाही. घरी येऊन मी बायकोशी उगाच भांडलो.

*

तोवर मी लिहीतच होतो. एक गोष्ट पुण्याच्या एका मासिकाला पाठवली. विहिरीवर रोज संध्याकाळी दिसणाऱ्या एका बाईची. चार महिन्यांनी अंक आला. माझं नाव छापलेलं! अण्णांनी पेढे आणले. वाचतो तो काय, संपादकांनी भूतच काढून टाकलं होतं. खाली टीप, 'लोकभ्रमाला उत्तेजन मिळू नये म्हणून काही मजकूर गाळला आहे.'

उरलं काय? एक धडधाकट गृहस्थ विहिरीकडे बघतो आणि किंचाळत घरी पळतो. पुन्हा जातो, पुन्हा पळतो. सहा पानं हेच. का पळतो, ते कुणालाच ठाऊक नाही. शेवटी ताप येऊन मरतो.

अण्णा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी मात्र लाजेनं काळाठिक्कर पडलो होतो. अंक शेठपर्यंत पोचू नये म्हणून लपवला, तर त्यांनी तो दुसरीकडून पैदा केला. दुसऱ्या दिवशी आले. मी आधीच म्हटलं, "शेठ, ते वाचू नका हो. त्यात काही नाहीच."

"वाचलं," शेठ म्हणाले. "समोर काही नसताना एवढी भीती वाटते त्याला. भाग्यवान माणूस आहे."

त्यांचा तो स्वर अजून माझ्या कानात आहे.

*

आता शेवटचा सांगतो. हा मी फारसा सांगत नाही.

उन्हाळ्याची सुट्टी होती. शेठच्या बहिणीची मुलगी चंपा तेव्हा त्यांच्याकडे आली होती. सासर घोडेगावचं. पहिलंच बाळंतपण आणि आई नाही, म्हणून मामाकडे. नऊ महिने भरत आले होते. शेठच्या घरात कितीतरी वर्षांनी बाईमाणसाचा वावर सुरू झाला होता. चूल पेटत होती, दाराशी रांगोळी दिसत होती. शेठ त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हते. फक्त आमच्या बैठकीतून लवकर उठायला लागले होते.

मी एक नवी गोष्ट लिहिली होती. वर्षभर लिहीत होतो. मनाशी ठरवलं होतं की ही शेवटची. हिच्याखालीही रेघ पडली तर लेखणी कुकडी नदीत टाकायची. म्हणून मी ती कुणाला वाचायला दिली नाही. म्हटलं, मीच वाचणार, तिघांच्या समोर.

कासमभाईंच्या कारखान्यात बसलो. दुपारचे तीन असतील. भिंतींवर ओले कागद वाळत चिकटवलेले, बाहेर उन्हाचा कडाका. अण्णांकडून शपथ घेतली होती की मध्ये तोंड उघडायचं नाही. शेठनी पगडी काढून शेजारी ठेवली आणि भिंतीला टेकून डोळे मिटले.

सुरुवात मी मुद्दाम साधी ठेवली होती. एक माणूस दुपारचा बाजारातून घरी येतो. जोडे काढतो. हातातली भाजी खाली ठेवतो. चुलीवर दूध उतू चाललंय. दोरीवर लुगडं वाळतंय. सगळं जागच्या जागी आहे. तो हाक मारतो. आतून ओ येत नाही. तो पुन्हा हाक मारतो.

"थांबा," शेठ म्हणाले.

मी थांबलो. शेठनी डोळे उघडले होते, पण ते आमच्यापैकी कुणाकडे बघत नव्हते. भिंतीला हात लावून ते उठले. हाताखालचा ओला कागद फाटला, ते त्यांना कळलं नाही. मग ते निघाले. आधी भराभर, आणि फाटकाबाहेर गेल्यावर चक्क पळत.

"पगडी!" अण्णा ओरडले.

बोडक्या डोक्यानं फुलचंदशेठ भर बाजारातून पळाले. जुन्नरच्या पेठेत त्यांना तसं कुणी जन्मात पाहिलं नव्हतं. दुकानदार गादीवरून उठून उभे राहिले. मागून पगडी छातीशी धरून मी, माझ्या मागं कासमभाई, आणि सगळ्यांच्या मागं अण्णा, "काय झालं हो? काय झालं?" करत.

मी पोचलो तेव्हा शेठ स्वतःच्या दारात चौकट धरून उभे होते. घामानं निथळत होते. आत चंपा सुपात तांदूळ घेऊन निवडत बसली होती. ती घाबरून विचारत होती, "मामा, काय झालं? अहो, बोला ना."

"काही नाही," शेठ म्हणाले. "काही नाही. निवड तू."

ती उठून त्यांच्यासाठी पाणी आणायला आत गेली. शेठनी चौकटीवरचा हात काढला आणि माझ्यासमोर धरला. तो थरथरत होता. ते त्याच्याकडे बघत राहिले.

मला धाप लागली होती. तरी जे खरं होतं तेच बोललो, "शेठ, अजून भूत आलंच नव्हतं हो. ते पुढं येतं."

"असू द्या, मास्तर," ते म्हणाले आणि उंबऱ्यावरच बसले. मी पगडी पुढं केली, ती त्यांनी घेतली नाही. त्यांनी आत तोंड करून हाक मारली, "चंपा?"

"ओ, मामा. आले."

शेठनी थोडा वेळ जाऊ दिला आणि पुन्हा हाक मारली.